भांड्यांच्या बुडावरच्या कविता

माझ्या थोरल्या काकांच्या कविता कागदावर नव्हत्या. त्या लोकांच्या स्वयंपाकघरांत होत्या, कळशीच्या, तांब्याच्या, परातीच्या बुडाला. मी हे कॉलेजात पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी हसलं. मलाही ते सांगताना थोडं ओशाळल्यासारखं झालं होतं, म्हणून त्यांना दोष देत नाही.

काका पेडण्याच्या बाजारात एका भांड्यांच्या दुकानाच्या पायरीशी बसायचे. भांड्यांवर नावं घालून देणं हा त्यांचा धंदा. लग्नाच्या आहेराची भांडी, वास्तुशांतीची समई, देवळाला द्यायची घंटा, जे येईल त्यावर देणाऱ्याचं नाव आणि तारीख. स्टीलवर ते मशीन चालवायचे, त्याचा टर्र असा आवाज रस्त्यापर्यंत यायचा. पितळ आणि तांबं मात्र ते बारीक छिन्नीनं, हातोडीनं कोरायचे. मांडीवर पोतं, पोत्यावर भांडं, आणि भांडं अंगठ्यानं हळूहळू फिरवत टिक टिक करत अक्षर पुढे सरकायचं. आधी पेन्सिलीनं काही आखायचे नाहीत.

आमचं कुटुंब मूळचं सिंधुदुर्गातलं. बाबा खाणीच्या टिपरवर ड्रायव्हर म्हणून डिचोलीला आले आणि तिथलेच झाले. काका लग्नानंतर काकीच्या गावी, पार्सेला राहिले. दोघे भाऊ सणाला भेटायचे आणि फारसं न बोलता जेवायचे. बाबांच्या जेवणाच्या डब्याच्या झाकणावर काकांनी मशीननं घातलेल्या दोन ओळी होत्या:

*लाल धूळ अंगणात, लाल धूळ ताटी,*
*लाल एकच गोड आहे, हुमणाची वाटी.*

हुमण म्हणजे आमच्याकडची माशांची लाल आमटी. मी वाचायला शिकले तेव्हा शाळेच्या पुस्तकाच्या आधी मला या ओळी पाठ झाल्या. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं, पुस्तकं नव्हती. कविता म्हणजे डब्याच्या झाकणावर असते ती, अशीच माझी बराच काळ समजूत होती.

काका गिऱ्हाईक बोलत असताना ऐकायचे. नाव घालायला वेळ लागतो, तेवढ्या वेळात माणूस काही ना काही बोलतोच. कोणाचं लग्न, कोणाचं पाणी आटलं, कोणाची सून कशी. त्यातूनच काकांना ओळ सुचायची आणि सांगितलेलं नाव घालून झालं की ती ओळ ते आपल्या मनानंच घालायचे. तिचे पैसे घेत नसत. सुरुवातीला म्हणे ते ती भांड्याच्या गळ्यापाशी, दिसेल अशी घालत. पण एकदा एका लग्नात भांडण झालं. नवरीच्या मामानं दिलेल्या कळशीवर काकांनी घातलं होतं:

*भर कळशी, रिती कळशी, वाट तीच पायाखाली,*
*जाताना ती हलकी होती, येताना मी हलकी झाली.*

पाण्याला गेलेली बाई विहिरीवर चार बायकांशी बोलून मोकळी होऊन येते, असं काकांच्या मनात होतं. मामा ती कळशी घेऊन दुकानात आला.

"हलकी? माझी कळशी हलकी? वजन करून घेतलीय मी तुमच्याकडसून!"

दुकानदारानं काट्यावर कळशी पुन्हा तोलून दाखवली तेव्हा मामा गेला. मग दुकानदार काकांना म्हणाला, "नाव घाल, तारीख घाल. पुराण घालू नको. उद्या माझा काटा खोटा ठरवशील."

त्या दिवसापासून काका ओळी बुडाला घालू लागले. बुडाच्या कडेनं गोल, बारीक अक्षरांत. जिथून वाचायला सुरुवात करायची तिथे एक छोटं फूल. भांडं उताणं ठेवलं की काही दिसत नसे, म्हणून दुकानदारही गप्प आणि गिऱ्हाईकही. काही लोकांना काका सांगायचे, बऱ्याच जणांना नाही. मी एकदा विचारलं होतं, "काका, तुम्ही लिहून का ठेवत नाही?" ते म्हणाले, "भांडं ज्याचं, ओळ त्याची. दुसऱ्याची वस्तू मी घरात कशाला ठेवू?"

पण त्यांना काहीच नको होतं असं नाही. पार्सेच्या सार्वजनिक गणपतीत दरवर्षी कवी संमेलन होतं. काका दरवर्षी इस्त्रीचा शर्ट घालून जायचे आणि मंडळाच्या कोणाला तरी हळूच विचारायचे, "औंदा मी दोन ओळी वाचू?" उत्तर यायचं, "पुढल्या वर्षी बघूया." त्याच संमेलनात जे कवी सत्कार घ्यायचे त्यांच्या पितळी सन्मानचिन्हांवरची अक्षरं काकांनी कोरलेली असायची. 'काव्यभूषण', 'कविरत्न'. काका मागच्या खुर्चीवर बसून टाळ्या वाजवायचे, आणि घरी आल्यावर काकीला सांगायचे, "'भूषण'मधलो ष बरो इलो हां औंदा." काकी चुलीकडे तोंड करून म्हणायची, "दुसऱ्याच्या गळ्यातली माळ ओवत ऱ्हवा तुम्ही."

काका गेल्या शिमग्यानंतर गेले. छातीत दुखलं आणि म्हापशाच्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत संपलं.

चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, आधी मंडळाची संमेलनाची पत्रिका घरोघर आली. त्यात एक ओळ होती, 'तालुक्यातील दिवंगत कवींना श्रद्धांजली', आणि खाली नावं. काकांचं नाव नव्हतं. मी तेव्हा सुट्टीत काकीकडे होते. काकीला वाचता येतं, पण सावकाश. तिनं ती नावं बोट ठेवून वाचली, पुन्हा वरपासून वाचली, आणि पायात चप्पल घालून थेट मंडळाच्या अध्यक्षांच्या घरी गेली. मी मागोमाग धावले.

अध्यक्ष वाईट माणूस नाहीत. त्यांनी आम्हाला खुर्च्यांवर बसवलं, सोलकढी दिली. म्हणाले, "काकी, रागावू नका. आमच्या काकांसारखो कारागीर पेडण्यात होवचो नाय. पण कवी कोण म्हणता तेंका?"

"मी म्हणतंय," काकी म्हणाली.

"तुम्ही म्हणतास ता बरोबर. पण कविता तर दिसाक व्हयी? कायतरी दाखवा. दाखवलात तर संमेलनात वाचूया, नाव पण घालूया. माझो शब्द."

काकी उठली. परत तिच्या घराच्या पायरीशी आल्यावर म्हणाली, "सगळो जन्म मी लोकांक सांगलंय माझो घोव कवी म्हणून. सगळे हसले. आता तू शिकलंस मगे? तू सांग कविता खंय आसत ते."

मला त्या क्षणी फक्त हुमणाची वाटी आणि मामाची कळशी आठवत होती. दोन कविता. त्या दोनांवर कोणाला कवी म्हणत नाहीत, हे मलाही कळत होतं. आणि काकी माझ्याकडे बघत उभी होती.

मग मला एक गोष्ट सुचली, जी खरं तर कोणालाही सुचली असती. चवथीच्या आधी आमच्याकडे प्रत्येक घरातली पितळेची, तांब्याची भांडी माळ्यावरून खाली येतात. वर्षभर स्टील वापरणारी घरंसुद्धा त्या दिवसांत परात, समई, कळशी, हंडा सगळं अंगणात मांडून चिंच, आंबट बिंबलं आणि नारळाच्या सोडणानं घासत बसतात. भांडी उलटी करून बघायची असतील तर वर्षात हीच वेळ.

काकी माझ्या स्कूटरवर मागे बसली. तिनं आधी कधी स्कूटरवर पाय टाकला नव्हता. पार्सेच्या उतारावर ती मला एका हातानं धरायची आणि दुसऱ्या हातानं अंगणांकडे बोट दाखवायची. "थांब थांब, थंय परात दिसता!"

पहिले काही दिवस फार वाईट गेले. एका घरात म्हणाले, जुनं पितळ भंगारवाल्याला देऊन मिक्सर घेतला. दुसऱ्या घरात कळशी होती, पण गळकी झाली म्हणून बूडच नवीन बसवलेलं. काकीनं ते नवं, कोरं बूड हातानं चाचपून बघितलं आणि कळशी खाली ठेवली. एका घरातल्या काकांच्या सुरुवातीच्या हंड्यावर, गळ्यापाशी घातलेली ओळ होती, पण इतक्या चवथींच्या घासण्यानं ती पुसून नुसत्या खुणा उरल्या होत्या. दुकानदारानं काकांना बुडाशी हाकललं नसतं तर बहुतेक सगळंच असं गेलं असतं, हे मला तेव्हा कळलं. बुडाला कड असते, ती जमिनीला टेकते, घासणारा हातही तिच्या आत तेवढा जोर लावत नाही, म्हणून आतली अक्षरं उरतात.

अक्षरं उरली होती, तरी वाचता येत नव्हती. घासून घासून भांडं असं चमकायचं की फोटो काढला तर फक्त माझं तोंड आणि आकाश दिसायचं. मी डोळे बारीक करून दोन शब्द लावायचे, काकी तिसराच लावायची, आणि घरच्या बायका म्हणायच्या, "अगो, ता दुकानाचा नाव आसतला."

मग आम्ही इब्रामपूरला गेलो. काकीच्या मावसबहिणीनं सांगितलं होतं की तिथे एका म्हाताऱ्या आजीकडे काकांच्या हातचा तांब्या आहे. आजी पडवीत बसून कुळीथ निवडत होत्या. तांब्या म्हटल्यावर त्यांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"न्हावन इल्यात मां?"

"होय आजी."

"मटण-मासळी?"

"आज नाही."

"मग पाय धुवन येवा. तो तांब्यो देवाचो आसा."

तांब्या देवघरात होता, मखमलीच्या तुकड्यावर पालथा. आजींच्या सांगण्यावरून कळलं की तो घरी आणल्या दिवशी त्यांच्या नवऱ्यानं बुडाला गोल फिरणारी अक्षरं बघितली आणि ठरवलं की हा मंत्र आहे, यंत्रासारखा. नवऱ्याला वाचता येत नव्हतं, आजींनाही नाही. मुलं मोठी झाली तोपर्यंत तांब्या सोवळ्यात गेला होता, त्याला आजींशिवाय कोणी शिवायचं नाही. रोज सकाळी आजी त्या बुडाला पिंजर, म्हणजे आमच्याकडचं कुंकू, लावायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पुसून ताजी लावायच्या.

त्यांनी आमच्यासमोर पदराच्या टोकानं बूड पुसलं. वरची पिंजर निघाली. खाचांतली राहिली. आणि पिवळ्या पितळेवर एकेक अक्षर लाल, स्पष्ट उभं राहिलं, वळणासकट, फुलासकट. मी आणि काकी दोघी एकदम पुढे वाकलो.

मी मनात वाचलं. काकीनं बोट ठेवून सावकाश वाचलं, आणि तिचे खांदे हलायला लागले. काका गेल्यानंतर मी तिला हसताना बघितलं नव्हतं, म्हणून आधी मला वाटलं ती रडतेय.

"काय गो?" आजी म्हणाल्या. "काय म्हणता मंत्र?"

"आजी," मी म्हटलं, "ते... म्हस म्हणता."

"खंयची म्हस?"

मग वाचण्याशिवाय उपाय नव्हता.

*तळ्यामध्ये म्हस बसली, बाहेर काही येईना,*
*राजा आला, फौज आली, शेपटीसुद्धा हलेना.*

मी आजींच्या तोंडाकडे बघायचं टाळत होते. इतकी वर्षं पिंजर, फुलं, आणि निघाली म्हस. आता आम्हाला घराबाहेर काढणार असंच मला वाटलं.

आजी म्हणाल्या, "ती आमची म्हस."

"म्हणजे?"

"अगो, तांब्यो घेवक गेल्लंय त्या दिसा म्हस तळ्यात बसली ती बसली! माका बाजाराक उशीर झालो. ता सगळा मी तेका सांगलंय, तो नाव घाली होतो तेवां. मी बडबडतंय आणि तो मान हलयता." मग त्यांना पुढचं आठवलं आणि त्यांनी मांडीवर थाप मारली. "पण राजा खंय इल्लो? माझो सासरो इल्लो काठी घेवन! आणि फौज म्हणजे माझे दोन दीर! सासऱ्याक राजा केल्यान! शिरा पडो तेच्या छिन्नीर!"

आता आम्ही तिघी हसत होतो. सून धावत आली, तिला पुन्हा सांगावं लागलं. नातू आला, त्यानं वाचून दाखवलं. आजी सगळ्यांना सांगत होत्या, "माझ्या म्हशीचा गाणा आसा."

काकीनं भीत भीत आजींना विचारलं, "वयनी, आता पुजतल्यात?"

"पुजतलंय तर! त्या म्हशीन माझी पोरां पोसली. तुझ्या घोवाक कळला ता, माझ्या घोवाक कळूक नाय."

परत येताना स्कूटरवर काकी माझ्या कानाशी ओरडून म्हणाली, "वाटेत पिंजर घे. मोठी पुडी घे."

त्यानंतर सगळं सोपं झालं असं नाही, पण वाट सापडली. भांडं पालथं करायचं, बोटानं पिंजर चोळायची, ओल्या फडक्यानं हलकं पुसायचं. फोटो स्वच्छ यायचे. मी पहिले काही फोटो गावच्या बायकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकले, म्हशीचा सगळ्यात आधी. मग आम्हाला फिरायची फारशी गरज उरली नाही. बायका आपापली भांडी स्वतःच पालथी घालायला लागल्या. कोणी फोटो पाठवायचं, कोणी फोनवर वाचून दाखवायचं. "माझ्याकडे पण आसा गो!" पेडण्याच्या एका शिक्षिकेच्या घरून न्हाणीतल्या तांब्याच्या भाणाचा फोटो आला. भाण म्हणजे अंघोळीचं पाणी तापवायचं मोठं भांडं. काजळीखालून हे निघालं:

*माझ्या पोटी ऊन पाणी, माझ्या पाठी काळा धूर,*
*न्हाऊन जाती उजळ सारे, काळा राहो माझा ऊर.*

डिचोलीहून माझ्या आईनं काजूच्या कारखान्यातल्या मैत्रिणींकडे विचारलं, आणि तिनं स्वतः एक परात शोधून काढली. आईला मी माझ्या लिहिण्या-वाचण्याच्या कामात काही मदत करताना आधी कधी बघितलं नव्हतं, तिला वाटायचं आपल्याला त्यातलं काय कळतं. तिनं फोनवर मला ती ओळ वाचून दाखवली आणि म्हणाली, "चुकलं तर सांग हां." चुकलं नव्हतं.

*पीठ मळता मळता बाई घर सगळं मळून घेते,*
*मऊ त्याची भाकरी होते, कडक त्याला पाणी देते.*

मोरजीच्या घागरीची गोष्ट मात्र सांगायला हवी. तिथे एका बाईंनी घराच्या खोल्या पाहुण्यांना भाड्यानं दिल्या आहेत. दाराजवळच्या खिडकीखाली मोठी पितळी घागर ठेवली होती, आणि तिच्यात पाहुण्यांच्या छत्र्या. बाई घाईत होत्या, कोणाचं तरी सामान उतरत होतं. म्हणाल्या, "आईनं लग्नात दिलेली. खाली आहे ते दुकानाचं नाव, मी बघितलंय." तरी त्यांनी छत्र्या काढून दिल्या. मी पिंजर चोळली.

*अंडी ठेवून वाळूत कासवी निघाली दूर,*
*मागे वळून बघू नको गे, लाटेचा बिघडेल सूर.*

मोरजीच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालायला येतात, हे सगळ्या गोव्याला माहीत आहे. बाईंनी ते दोनदा वाचलं. मग खाली पायरीवर बसल्या. "आई माझ्या लग्नात पाठवणीला पुढे आलीच नाही," त्या म्हणाल्या. "मी किती वर्षं राग धरला तिच्यावर. ती घागरीवर नाव घालायला गेली तेव्हा काय बोलली असेल त्यांच्याशी?" पाहुणा खोलीची किल्ली मागत होता. त्यांनी त्याला हातानंच थांबवलं. छत्र्या त्यांनी पुन्हा घागरीत ठेवल्या नाहीत.

संमेलनाच्या संध्याकाळी माझ्याकडे सगळ्या कविता स्वच्छ टाइप केलेल्या होत्या. अध्यक्षांना मी त्या सकाळीच दाखवल्या होत्या. त्यांनी चष्मा लावून उभ्या उभ्याच वाचल्या, आणि "शेवटी वेळ देतो" म्हणाले. आता शेवट म्हणजे आरतीच्या तोंडावर, जेव्हा लोक उठायला लागतात. मला ते कळलं, पण बोलायचा धीर झाला नाही.

मंडप भरलेला होता. मला स्टेजवर बोलावलं. "आता पार्सेचे एक कलाकार, कारागीर, त्यांच्याविषयी त्यांची पुतणी..." असं काहीतरी. मी माइकजवळ गेले आणि माझा आवाज बसला. पहिली कळशी वाचली, ती माझी मलाच ऐकू आली नाही. मागच्या रांगा हलायला लागल्या. काकी पहिल्या रांगेत, हात घट्ट धरून बसली होती.

आणि मंडपाच्या तोंडाशी आवाज झाला. इब्रामपूरच्या आजी आल्या होत्या, नातवाच्या हाताला धरून, काखेत मखमलीत गुंडाळलेला तांब्या. देवघरातून तो पहिल्यांदाच बाहेर निघाला होता. त्या सरळ स्टेजपाशी आल्या आणि मला म्हणाल्या, "सर गो बाय. माझी म्हस मी सांगतंय."

वाचता न येणाऱ्या बाईनं तांब्या दोन्ही हातांत पालथा धरला, सगळ्यांना लाल अक्षरं दाखवली, आणि खणखणीत आवाजात दोन्ही ओळी म्हणून दाखवल्या. मग राजा म्हणजे कोण आणि फौज म्हणजे कोण तेही सांगितलं. मंडप हसून हसून फुटला. उठलेले लोक बसले.

"माझी पण आसा!" मागून कोणीतरी म्हटलं. भाणवाल्या शिक्षिका फोटो घेऊन पुढे आल्या, भाण आणणं शक्य नव्हतं. पण बाकीच्यांनी भांडीच आणली होती. आमच्यापैकी कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. कोणी पिशवीतून तांब्या काढला, कोणी पदराखालून निरांजनाचं ताट. मोरजीच्या बाई घागर रिक्षातून घेऊन आल्या होत्या, ती उतरवायला मंडळाची दोन माणसं धावली. प्रत्येक बाई आपलं भांडं पालथं धरून आपली ओळ वाचत होती, आणि ते नाव घालताना आपण काय बोललो होतो तेही सांगत होती. काही ओळी मीही पहिल्यांदाच ऐकत होते. माझा कागद माझ्या हातातच राहिला, आणि मला त्याचं मुळीच वाईट वाटलं नाही.

मला वाटतं माझ्या काकांना याहून चांगलं संमेलन मिळालं नसतं. कवी एकटा स्टेजवर उभा राहून वाचतो, ऐकणारे खाली बसतात. इथे ज्यांनी काकांना ओळी दिल्या त्याच वाचत होत्या.

अध्यक्ष बाजूला उभे होते. शेवटी त्यांनी माइक हातात घेतला. मला अजून आठवतं, ते कोणतंही भाषण न करता म्हणाले, "दिवंगत कवींच्या नावांत एक नाव आमच्याकडून राहून गेलं. ते आता घेतो." आणि त्यांनी 'कवी' म्हणून काकांचं पूर्ण नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट.

टाळ्या व्हायच्या आधीच काकी जागेवरून उठली. "परत म्हण रे," ती म्हणाली. "मागच्यांक आयकाक येवक नाय."

मागच्यांना नीट ऐकू आलं होतं. पण अध्यक्षांनी परत म्हटलं, अधिक मोठ्यानं, आणि या वेळी मंडपातल्या लोकांनीही त्यांच्या मागोमाग म्हटलं. काकी उभीच होती. तिनं डोळे पुसले नाहीत, ती इकडे-तिकडे वळून कोण कोण म्हणतंय ते बघत होती, एकेकाचं तोंड. ज्यांनी आधी हसून घेतलं होतं त्यांच्याकडे तिनं जरा जास्त वेळ बघितलं असं मला वाटलं. तेवढा तिचा हक्कच होता.

तोवर आरतीचा वेळ केव्हाच टळला होता. भटजी हातात तबक घेऊन अवघडले होते, कापूर विझायला आला होता. शेवटी ते न राहवून म्हणाले, "काकी, देव खोळंबलाय."

"खोळंबूंदे थोडो," काकी म्हणाली. "तो स्वतः लिवणारो. तेका कळतला."

भटजीही हसले आणि त्यांनी तबक खाली ठेवलं. रांग अजून संपली नव्हती. पिंजरीची पुडी एका हातातून दुसऱ्या हातात फिरत होती, बायकांची बोटं लाल झाली होती, आणि ज्यांनी आपली भांडी कधी तपासली नव्हती त्या घरी मुलांना पिटाळत होत्या, जा, माळ्यावरची कळशी घेऊन ये. मातीची घुमटं वाजवणारे आरतीसाठी कधीचे मांडी ठोकून तयार बसले होते. त्यातल्या एकानं सहज बोटं टेकवली, दुसऱ्यानं उचललं, आणि आरतीच्या आधी पार्सेच्या मंडपात तळ्यातली म्हस घुमटावर वाजायला लागली.